आपण तिकडे असताना

३ ऑक्टोबर, गुरुवार

डबा आला. युवराजांनी पाठवला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने. प्लास्टिकचे तीन थर, वर लाल अक्षरांत 'नाजूक'. आत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, डब्यात निगेटिव्हच निगेटिव्ह. सोबत नवाकोरा स्कॅनर.

मागोमाग फोन. "ताई, मिळालं ना? आपण तिकडे असतानाचे सगळे रोल आहेत. बाबांनी किती जपलेत बघ. तूच कर हे. तुला फिल्मची सवय आहे."

आपण! हे 'आपण तिकडे असताना' मी चाळीस वर्षं ऐकतेय. अरे, तिकडे आई होती, बाबा होते, तू होतास. मी इकडे मावशीकडे होते. सांगून सांगून जीभ झिजली. "हो गं, तेच ते," म्हणतो.

आणि फिल्मची सवय म्हणजे काय, तर मी तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. छात्या, गुडघे, मोडलेली मनगटं. त्या हिशेबाने शिंप्याला ऑपरेशन करायला बसवायला हरकत नाही, टाके दोघेही घालतात.

१ डिसेंबरला आईला ऐंशी पूर्ण होताहेत. हॉल ठरलाय, मोठा पडदा ठरलाय, पडद्यावर तिकडच्या सहा वर्षांचे फोटो. आईला पत्ता लागू द्यायचा नाही म्हणे. आई राहते माझ्याकडे! मधे एक भिंत. सरप्राईज देणार युवराज आणि चोरासारखी वागणार मी.

५ ऑक्टोबर, शनिवार

मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल हलवून स्कॅनर मांडला. पांढरे सुती हातमोजे, धूळ उडवायचा रबरी फुगा, मऊ ब्रश. आमच्या ह्यांनी दारात उभं राहून पाऊण तास सल्ले दिले. कशालाही हात लावला नाही. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं काम बघण्याइतका आनंद कशातच नाही.

आईने विचारलंच. "आत काय चाललंय तुझं?"

"इस्पितळाचं जुनं काम आहे."

"रिटायर झाल्यावर? तुझ्यावाचून मोडलेली हाडं जुळत नाहीत वाटतं त्यांची."

शब्दकोडं घेऊन बसली परत. पेनने सोडवते, चुकलं की त्याच्यावर गिरवते आणि कोड्यालाच नावं ठेवते.

७ ऑक्टोबर, सोमवार

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. मला हे काम नको होतं असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय, पण डबा आल्यापासून माझा जीव त्यातच अडकलाय.

मी तीन वर्षांची असताना आईबाबा परदेशी गेले आणि मला मावशीकडे ठेवून गेले. परत आले तेव्हा मी नऊ वर्षांची. का ठेवलं, याचं घरात एकच छापील उत्तर आहे: "तुला तिकडची थंडी सोसली नसती." आणि युवराज? ते तर जन्मलेच तिकडे, बर्फात! त्यांना कशी सोसली? साधी सर्दी झाली नाही म्हणे कधी.

बाबा जिवंत असताना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. ते जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं कपाट युवराजांनी आवरलं, त्यात हा डबा मिळाला. मी तो आधी कधी पाहिलाही नव्हता.

मला काय बघायचंय ते मला नीट माहीत आहे. मला का नेलं नाही, हे. आणि ते नाहीच कळलं, तर निदान त्यांना माझी आठवण यायची अशी एक तरी खूण. भिंतीवर माझा फोटो, टेबलावर मावशीचं पत्र. काहीही चालेल. छप्पन्न वर्षांच्या बाईला शोभत नाही, पण आहे हे असं आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

पहिली पट्टी निघाली. सगळे निळे! आई निळी, बाबा निळे, युवराज हिरवट. पाण्यातून काढलेल्या प्रेतांसारखे. युवराजांना तसाच पाठवला. "ताई, काहीतरी कर, असं कसं दाखवणार?"

रंग सुधारायची सोय आहे हे मला माहीत होतं. पण एक दिवस त्याला तसंच ठेवलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

एकोणीस रोल आहेत. प्रत्येक रोलची पट्ट्या कापून कागदी पाकिटं केलेली, वर बाबांच्या अक्षरात आकडा. डबा वरून उपसायचा म्हणजे आधी एकोणीस, मग अठरा. सिनेमा उलटा चाललाय. युवराज दर रोलला लहान होत चाललेत. परवा साडेचार वर्षांचे होते, आज चारचे. पडून तुटलेला दात परत आला. असंच चालू राहिलं तर महिनाअखेर नाहीसे होतील. फार समाधान वाटतंय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

गाडी! आमची ती सुप्रसिद्ध गाडी!

मावशीकडे दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो यायचा. बाबा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून. मागे लिहिलेलं, "आपली गाडी". मी वर्गात सांगायचे, आमची परदेशात गाडी आहे. एका मुलीने खोटं म्हटलं म्हणून तिची पट्टी मोडली होती.

आत्तापर्यंत आमच्या पाच गाड्या झाल्या. निळी, पांढरी, लाल, परत वेगळीच निळी, आणि एक एवढी लांब की फोटोत मावलीच नाही. सगळ्यांवर बाबांचा तोच हात. एका फोटोत तर खरा मालक स्टिअरिंगपाशी बसलाय, यांचा फोटो कधी उरकतो त्याची वाट बघत. तो फोटो बाबांनी छापून घेतला नव्हता. त्या काळी रोल धुवून आणायचा, निगेटिव्ह उजेडात धरून बघायचं आणि बरे असतील तेवढेच छापायचे. उरलेले पाकिटात. म्हणजे जे लोकांना दाखवायचं ते अल्बममध्ये, आणि जे झालं ते या डब्यात.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सहावी गाडी. पोलिसांची आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज कोट. बाबांचा तपकिरी कोट, रुंद कॉलरचा. "तिकडे शिवून घेतला," असं आयुष्यभर सांगितलं. रोल चौदामध्ये चौदा नंबरच्या फोटोत तो बाबांच्या अंगात. पंधरा नंबरला एका उंच मित्राच्या अंगात, मनगटं वीतभर बाहेर. सोळा नंबरला एका बुटक्याच्या, हात गायब. सतराला चौथा, त्याला बटणं लागत नाहीत म्हणून हात पोटावर घेतलेत. मागे तेच झाड, तोच बाक.

चार माणसं, कोट एक. चार घरांत चार फोटो गेले असणार आणि चार घरांत लोकांनी म्हटलं असणार, वा, काय थाट आहे.

मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. आई दारावर टकटक करून म्हणाली, "इस्पितळात फारच मजेशीर हाडं आलेली दिसताहेत."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

"मोठ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर" असलेल्या बाबांचा फोटो सापडला. रबरी बूट, रबरी ॲप्रन, डोक्यावर जाळी. बाटल्या धुण्याचं काम. हातात क्रेट. हसताहेत. इतके मोकळे हसताना मी त्यांना घरात कधी पाहिलं नाही.

युवराजांना पाठवला. उत्तर आलं: "हा नको ताई. चांगलेच घेऊ फक्त."

म्हणजे पुन्हा अल्बमच.

२६ ऑक्टोबर, शनिवार

रोल नऊपर्यंत आले. भिंती सगळ्या बघितल्या. फोटो मोठा करून करून बघते. कॅलेंडर, घड्याळ, खुंटीवर छत्री, एका चित्रात बदकं. बदकं लावायला जागा होती.

मी कुठेच नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

युवराज पाळण्यात.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

युवराज आईच्या पोटात. रोल पाच. आई खिडकीपाशी उभी, हात कमरेवर. सुजलेले डोळे. गरोदरपणात सुजतात.

२ नोव्हेंबर, शनिवार

युवराज संपले. सुटले एकदाची.

रोल चार मात्र विचित्र आहे. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत आई नाहीच. बाबा आणि ती कोटवाली मंडळी, एका खोलीत, गॅसच्या शेगडीभोवती. न विसळलेली भांडी. बाबांची दाढी वाढलेली. आई कुठे गेली होती? सहा वर्षांत ती एकदाही इकडे आली नव्हती, तिकिटं महाग, हे तर मला पाठ आहे.

असेल फोटो काढत. पण आईला कॅमेरा धरता येत नाही. तिने काढलेल्या फोटोंत लोकांना डोकी नसतात.

५ नोव्हेंबर, मंगळवार

रोल तीन.

आता खाली फक्त आई आणि बाबा उरणार, नवीन नवीन संसार, असं मी धरून चालले होते. पहिलीच पट्टी. बर्फ. आई गुडघ्यांवर बसलीय आणि तिच्या मांडीवर एक मुलगी.

तीन-साडेतीन वर्षांची. लाल कोट, कडेला पांढरी लव असलेला. कानांवरून घट्ट बांधलेली टोपी. कोण आहे ही? पुढच्या फोटोत आई तिच्या टोपीची नाडी बांधतेय. त्याच्या पुढच्यात तिच्या गालाला गाल लावून. त्याच्या पुढच्यात ती मुलगी नाही, नुसतं तिचं खेळणं बर्फात पडलंय आणि त्याचाही फोटो काढलाय! एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे, बाबा एकेक पारखून घ्यायचे. त्यातला एक हिच्या ससुल्यावर.

मुलीचं तोंड बघावं. एरंडेल पाजल्यासारखं. कॅमेऱ्याकडे बघत नाही, आईकडे बघत नाही. एवढी माया करताहेत तर निदान ओठ तरी हलव. माजोरडी कुठली.

स्कॅनर बंद केला. पुढचं उद्या.

६ नोव्हेंबर, बुधवार

रोल दोन. तीच महाराणी.

आता बाबा. बाबा बर्फात चार पायांवर! पाठीवर महाराणी. माझ्यासमोर कधी शर्टाचं वरचं बटण उघडं न टाकलेले बाबा, घोडा झालेत. पुढच्या फोटोत डोक्यावर बादली. पुढच्यात दोन चमचे कानांना लावून जीभ बाहेर काढलीय. आईने हातात मोजा घालून त्याची बाहुली केलीय. शेजारचा उंच मित्रसुद्धा माकडचेष्टा करतोय. सगळी सर्कस लावलीय. आणि ती बसलीय, तोंड मिटून, भिंतीकडे बघत.

मी नऊ वर्षांची असताना बाबा विमानतळावरून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कितवीत आहेस?" झालं. तेवढंच.

हे इकडे लिहितेय आणि मला स्वतःचाच राग येतोय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा अंदाज: घरमालकिणीची मुलगी असणार. आई तिला सांभाळत असणार, कामाला म्हणून. बाबा बाटल्या धुवत होते, मग आई मुलं सांभाळत असेल तर नवल काय. आणि ज्या घरात मालकिणीची मुलगी सांभाळायची त्या घरात आपली कशी न्यायची? मालकीण नको म्हणाली असेल. झालं, उत्तर मिळालं. थंडी वगैरे सगळी बाबांची साखरपेरणी.

काम म्हणून केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण त्या मोज्याच्या बाहुलीकडे बघून काम वाटत नाही.

ह्यांना दाखवले ते फोटो. म्हणाले, "पोरगी आजारी दिसते." ह्यांना काय कळतंय. चाळीस वर्षं विमा विकला यांनी.

१० नोव्हेंबर, रविवार

युवराजांना फोन करून विचारलं, ही मुलगी कोण. "मला काय माहीत? माझ्या आधीचं आहे ना. शेजारची असेल. काढून टाक, पडद्यावर लोक विचारत बसतील. आणि आईला विचारू नकोस हं, सगळी मजा जाईल!"

मजा. इथे मी त्या मुलीचा चेहरा मोठा करून करून बघतेय आणि ह्याला मजा जायची चिंता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

अब्रू गेली. तीस वर्षांची.

रोल एकच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात. ओढल्या तर फाटतील. म्हणून चौकातल्या स्टुडिओत घेऊन गेले. स्टुडिओवाला माझ्याहून म्हातारा, पन्नास वर्षं त्याच डार्करूममध्ये. हल्ली पासपोर्टचे फोटो काढतो आणि कुरकुरतो. पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या, आणि तोवर वेळ जावा म्हणून मी त्याला माझे स्कॅन दाखवले. टॅबवर, कौतुकाने.

त्याने चार-पाच फोटो पुढेमागे सरकवले. मग म्हणाला, "ताई, इथे सगळे डावखुरे आहेत का?"

बाबा डाव्या हाताने हस्तांदोलन करताहेत. घड्याळं सगळ्यांची उजव्या हातात. आईचा पदर भलत्याच खांद्यावर.

मी सगळ्याच्या सगळ्या पट्ट्या उलट्या घातल्यात! चकचकीत बाजू वर हवी होती, मी मळकट बाजू वर ठेवली. एकोणीस रोल आरशात. मागच्या दुकानांच्या पाट्या उलट्या होत्या, पण ती लिपीच मला येत नाही. मला वाटलं, तिकडचं अक्षर असंच असेल!

आणि ही मी. शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी सांगायचे, उजवा-डावा मार्कर लावल्याशिवाय फिल्मला हात लावाल तर याद राखा, चुकीचा पाय कापला जाईल. तीस वर्षांत एक फिल्म उलटी लावली नाही. आणि स्वतःचं कुटुंब घेतलं ते अख्खं उलटं.

"चालतं हो," स्टुडिओवाला म्हणाला. "घरच्यांचे फोटो बघताना माणूस फिल्म बघत नाही. तोंडं बघतो."

कॉम्प्युटरवर एका बटणात सुलटं करता येतं, असंही म्हणाला. मी म्हटलं, नको. परत घालणार सगळ्या. मोजे घालून, एकेक. शिक्षा ती शिक्षा.

१७ नोव्हेंबर, रविवार

रोल परत घालतेय. रोल एकोणीस ते सतरा झाले. बाबांचा हात योग्य बाजूला आला. गाड्या अजून दुसऱ्यांच्याच आहेत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आई दुपारी डॉक्टरकडे गेली होती ह्यांच्याबरोबर. संधी साधून तिच्या कपाटातला तो अल्बम काढला, अल्बममधले आणि डब्यातले ताडून बघायला. लहानपणापासून पाहिलाय, पण आज पहिल्यांदा नीट बघितला.

पहिल्या चार पानांवर फोटो नाहीत. काळे कोपरे तेवढे चिकटवलेले, चार-चार. बाबा सांगायचे, ओल लागली म्हणून काढले. ओल अगदी मोजून मापून चौकोनी लागलेली दिसते. एका कोपऱ्यात फाटलेला तुकडा अडकून राहिलाय, नखाएवढा. लाल.

म्हणजे त्या मुलीचे फोटो छापलेही होते. अल्बमात पहिल्या पानावर लावलेही होते. माझ्या आधी. आणि मग काढून फाडले, मला दिसू नयेत म्हणून. कशाला लपवायचं, मालकिणीची मुलगी असती तर?

आता मला आणखी वाईट वाईट सुचायला लागलंय. ती आईबाबांचीच असेल का? माझ्यानंतरची? माझ्याआधीची? मेली असेल? रोल चारमधली बाबांची ती वाढलेली दाढी...

बास. स्वयंपाक करते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

स्टुडिओवाल्याने पट्ट्या सोडवून दिल्या. अगदी सुट्या, वाळवून, पाकिटात घालून. "जपून ठेवलेल्या आहेत," म्हणाला. "हे टाकून देणारे लोक मी रोज बघतो. तुमच्या वडिलांना कळत होतं."

बाबांना काय कळत होतं ते बाबाच जाणोत. फोटो फाडायचे आणि निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायच्या! चोरी करून पावती सांभाळण्याची तऱ्हा. पण ते होतेच तसे. फाटक्या मोज्याचा दुसरा मोजा त्यांच्याने टाकवत नसे.

रोल एक घातला. सुलट. विमानतळ, सामान, सुटकेसवर बसलेली ती. टोपी नाही. केस विस्कटलेले. तोंडात अंगठा.

हिच्या डोळ्यांत काहीतरी आहे. रुग्णांचं बघितलंय मी असं. थंड टेबलावर एकटं झोपवलं आणि आम्ही सगळे शिशाच्या पडद्यामागे गेलो की त्यांचं होतं तसं.

आज तिला नावं ठेवावीशी वाटली नाहीत.

२४ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. गेलं सरप्राईज खड्ड्यात.

दुपारी जेवणं झाल्यावर आईला हाताला धरून मागच्या खोलीत आणलं, खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर तो फोटो लावला. बर्फातला, गालाला गाल लावलेला. मी विचारलं, "ही कोण?"

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "हे तुला कुठे मिळालं?"

"बाबांच्या डब्यात."

"त्यांना सांगितलं होतं मी." एवढंच.

मग माझा तोल गेला. जे छप्पन्न वर्षं बोलले नव्हते ते सगळं तोंडाला आलं. तुझे गुडघे मी बघते, तुझी औषधं मी आणते, तीन वर्षं इथे राहतेस, एकदा तरी खरं बोललीस का? थंडी म्हणे थंडी! परक्या मुलीपुढे नाचायला वेळ होता तुम्हाला, बाबा तिचा घोडा झाले, तू तिला गाल लावलास. मला पोस्टाने गाडीचे फोटो. तेही उसन्या गाडीचे! आणि स्वतःची पोर मावशीच्या पदरात टाकली ती टाकलीच. काय केलं होतं मी तुझं?

ह्यांनी दारातून बघितलं आणि गुपचूप निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा सल्ला न देता.

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी चिडून बोलते तेव्हा ती दोन पट चिडून बोलते, ही आमची रीत आहे, आणि आज ती चिडली नाही. मग म्हणाली, "तुला खरंच काहीच आठवत नाही?"

"काय आठवायचंय? मी नव्हतेच ना तिथे!"

ती उठली. भिंतीला धरून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. चहालाही बाहेर आली नाही. रात्रीचं ताट आत नेऊन ठेवलं ते तसंच परत आलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दार बंदच. शब्दकोडं आज टेबलावर कोरं पडलंय.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आई सकाळी स्वतःहून मागच्या खोलीत आली. चालू असलेल्या पडद्याकडे बघून म्हणाली, "तूच आहेस ती."

आठ महिने मी तिकडे होते. विमानातून उतरल्यापासून एक शब्द बोलले नाही. रडले नाही, हसले नाही. आईबाबांनी सगळे खेळ करून बघितले. डॉक्टर म्हणाले, मुलीत दोष नाही, घरी परत नेऊन बघा. आईने आणलं. मुकी म्हणून नाव पडेल, पुढे लग्नाला आडवं येईल, म्हणून मोठ्यांनी ठरवलं की मी गेलेच नव्हते. बाबांनी फोटो फाडले. निगेटिव्ह त्यांच्याने फाडवल्या नाहीत.

"मावशीने दार उघडलं आणि तू तिला म्हणालीस, भूक लागली. आठ महिन्यांनंतर. मग थांबेचनास. जेवताना बडबड, आंघोळीला बडबड."

मी विचारलं, "मग तू का नाही राहिलीस माझ्याजवळ?"

"राहिले होते की दोन महिने," आई म्हणाली. "मी खोलीत आले की तू गप्प व्हायचीस."